जुन्या पुलाची वहिवाट

नागपूरहून हैदराबादकडे जाणारा राजमार्ग पैनगंगा ओलांडून तेलंगणात शिरतो आणि आदिलाबाद शहराला लागून असलेल्या मावला ह्या गावावरून पुढे निर्मलच्या दिशेने जातो. पूर्वी ह्या मार्गाचा क्रमांक ७ होता. आता तो ४४ आहे. मावल्यास एक जुना तलाव आहे आणि अलीकडे राजमार्गाच्या कडेला राखलेले हरितवनही आहे. आदिलाबादच्या न्यायालयात एका वाटणीच्या दाव्यानिमित्त प्रस्तुत लेखकाला काही खेपा कराव्या लागल्या, तेव्हा संध्याकाळी ह्या तलावाकाठी जाऊन बसण्याचा प्रघातच पडून गेला होता. ह्या भागात तेलुगू, मराठी, गोंडी आणि दखनी अशा चार भाषा एकाच वेळी कानांवर पडतात. १९५६ साली हैदराबाद राज्याचे विभाजन झाले तेव्हा राजुरा आणि किनवट हे भाग मराठी मुलखाकडे आले आणि आदिलाबाद आंध्र प्रदेशात गेले. २०१४ साली ते तेलंगणात आले. सरहद्दी अशा फिरल्या, परंतु पैनगंगेच्या दोन्ही तीरांवरील सोयरिकी आणि बाजारहाट काही थांबला नाही. नदीने सीमा आखली आणि पुलाने ती रोजच्या रोज पुसली, असेच म्हणावयाचे.

एका संध्याकाळी तेथे माझ्यासोबत एक वयोवृद्ध तेलुगू वकील होते. त्यांचे माहेरगाव, म्हणजे मूळ गाव, राजमहेंद्री. ते हसत म्हणाले, "वकीलसाहेब, आमच्या गावच्या जुन्या रेल्वे पुलावर आता बाग होणार म्हणतात. नदीकाठी बाग ऐकली होती. नदीच्या डोक्यावर बाग म्हणजे काय, ते तुम्हीच सांगा." मी त्या वेळी हसण्यावारी नेले. पण त्यांचा प्रश्न वाटतो तितका हसण्याजोगा नाही, हे पुढे ध्यानात आले. ज्या पुलाचे काम संपले त्याचे काय करावे, तो कोणाचा आणि त्याची काळजी कोणी घ्यावी, ह्या प्रश्नावर गेल्या काही वर्षांत आपल्याकडे माणसांचे प्राण गेले आहेत. म्हणून त्या वृद्ध गृहस्थांना जे उत्तर द्यावयाचे राहिले, ते येथे देत आहे.

प्रथम नदीचा धागा सांगितला पाहिजे, कारण मावल्याहून राजमहेंद्री दूर असली तरी पाण्याच्या वाटेने ती शेजारीच आहे. पैनगंगा बुलढाण्याकडील अजिंठ्याच्या डोंगरांत उगम पावते आणि विदर्भ व तेलंगणाच्या सीमेवरून वाहत जाऊन वर्धेला मिळते. वर्धा आणि वैनगंगा एकत्र होऊन प्राणहिता होते. प्राणहिता कालेश्वर येथे गोदावरीला मिळते, आणि जेथे अंतर्वाहिनी सरस्वतीसह त्रिवेणी संगम मानला जातो ते हेच क्षेत्र. तेथून गोदावरी पूर्वघाट फोडून राजमहेंद्रीस पोहोचते. म्हणजे त्र्यंबकेश्वरी ब्रह्मगिरीवर पडलेला पाऊस आणि आदिलाबादच्या शिवेवरून वाहून गेलेला पाऊस राजमहेंद्रीच्या पुलाखालून एकत्र जातो. गुरू सिंह राशीत येतो तेव्हा नाशिक-त्र्यंबकेश्वरी सिंहस्थ भरतो आणि त्याच योगावर राजमहेंद्रीस गोदावरी पुष्कर असते. २०१५ साली दोन्हींचा आरंभ १४ जुलै ह्या एकाच दिवशी झाला. एकाच नदीच्या दोन टोकांना, एकाच ग्रहयोगावर, दोन भाषांतील लोक पाण्यात उतरले.

ह्या राजमहेंद्रीस गोदावरीवर आगगाडीचे तीन पूल आहेत. त्यांतला सर्वांत जुना हॅवलॉक पूल एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधला गेला. मद्रासचे तेव्हाचे गव्हर्नर सर आर्थर हॅवलॉक ह्यांचे नाव त्याला मिळाले. बांधकामाची धुरा वॉल्टन ह्या अभियंत्याकडे होती, आणि काशीस गंगेवर १८८७ साली पुरा झालेला डफरिन पूल, ज्याला आज मालवीय पूल म्हणतात, तोही ह्याच गृहस्थांच्या हातचा. गोदावरीवरील ह्या पुलाला दगडी खांबांवर लोखंडी तुळयांचे ५६ गाळे आहेत, प्रत्येक ४५ मीटरांहून अधिक लांब. म्हणजे हा पूल अडीच किलोमीटरांहून मोठा आहे. त्याच्यामुळे कलकत्ता आणि मद्रास ही दोन महानगरे लोहमार्गाने अखंड जोडली गेली. पुढे १९७४ साली खाली आगगाडी आणि वर मोटारी असा दुमजली पूल झाला. त्यानंतर कमानींचा तिसरा पूल उभा राहिला आणि १९९७ साली हॅवलॉक पुलावरून शेवटची गाडी गेली.

"गरज सरो, वैद्य मरो" ही म्हण माणसांइतकीच पुलांनाही लागू पडते. गाडी बंद झाल्यावर पुलाच्या लोखंडाची किंमत मोडीच्या भावाने होऊ लागली. गावकऱ्यांना ते पटेना. ज्या पुलावरून तीन-चार पिढ्या नोकरीस, शिक्षणास, सासरी आणि तीर्थास गेल्या, तो तराजूत घालावा ही कल्पनाच त्यांना रुचली नाही. पुलावर फिरण्याची जागा करावी, बागबगीचा करावा, अशा योजना वारंवार निघाल्या आणि वारंवार कागदावरच राहिल्या. अखेर २६ जून २०२५ रोजी 'अखंड गोदावरी' नावाच्या प्रकल्पाची पायाभरणी झाली. सुमारे ९४ कोटी रुपयांच्या त्या प्रकल्पात पुष्कर घाटासोबत ह्या जुन्या पुलाचाही समावेश आहे, आणि २०२७ सालचे पुष्कर नजरेसमोर ठेवूनच तो आखला गेला. राजमहेंद्रीजवळचे कडियम हे गाव रोपवाटिकांसाठी देशभर प्रसिद्ध असल्यामुळे फुलझाडांना तोटा पडण्याचे कारण नाही.

मग अडचण कोणती? झाडे लावणे सोपे असते. लावलेली झाडे पंचवीस वर्षे जगवणे कठीण असते. आणि पुलावरील बाग ही तर दुहेरी जबाबदारी आहे, कारण तेथे झाडाखाली जमीन नसून दुसऱ्या कोणी बांधलेले, म्हातारे झालेले लोखंड असते. अशी बाग जगात कोठे टिकली आणि कशामुळे टिकली, ह्याचा शोध घेतला तर तीन उदाहरणे विशेष बोलकी वाटतात. तिन्ही अमेरिकेतील आहेत.

पहिले उदाहरण मॅसॅच्युसेट्स राज्यातील शेल्बर्न फॉल्स ह्या खेडेवजा गावाचे. तेथे डीअरफील्ड नदीवर ट्रामगाडीसाठी १९०८ साली काँक्रीटच्या कमानींचा, सुमारे ४०० फूट लांबीचा पूल बांधला होता. मोटारी आल्या, ट्राम कंपनीचे दिवाळे निघाले, आणि पुलावर गवत माजले. तो पाडावा तर गावाच्या पाण्याचा नळ त्याच्यावरूनच गेलेला. ठेवावा तर उपयोग काही नाही. तेव्हा गावातील एका गृहिणीने सुचवले की गवत आपोआप उगवते तर फुलेही उगवतील. गावच्या महिलामंडळाने ते मनावर घेतले आणि १९२९ साली पुलावर माती टाकून फुलझाडे लावली. त्या पुलाला आज जग 'फुलांचा पूल' म्हणून ओळखते. पुढे पूल खंगला तेव्हा त्याची मोठी दुरुस्ती झाली. तेवढ्यापुरती झाडे हलवली आणि पुन्हा जागच्या जागी लावली. जवळजवळ शंभर वर्षे ही बाग टिकली, ती एखाद्या थोर शिल्पकाराच्या आराखड्यामुळे नव्हे. दर वसंतात कोण निंदणी करणार, कोण पाणी घालणार हे ठरलेले होते म्हणून.

दुसरे उदाहरण न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथील. हडसन नदीवर १८८९ साली खुला झालेला हा रेल्वे पूल पाण्यापासून २०० फुटांहून उंच आहे. ८ मे १९७४ रोजी त्याला आग लागली आणि गाड्या कायमच्या बंद पडल्या. पुढे काय झाले ते वकिलांनी अवश्य ध्यानात ठेवावे असे आहे. १९८४ साली रेल्वे कंपनीने हा एवढा थोरला पूल एका खाजगी गृहस्थाला केवळ एका डॉलरला विकून टाकला. एक डॉलर ही किंमत नव्हती. अंगावरची जबाबदारी झटकण्याची ती रीत होती. घेणाऱ्याला ती पेलवली नाही. कर थकले, दुरुस्ती राहिली. पुढे १९९२ साली स्थानिक लोकांनी संस्था स्थापली, पैसा उभा केला, लोखंडाची कसून तपासणी करवली, आणि ३ ऑक्टोबर २००९ रोजी तो पूल पायी चालणारांसाठी सार्वजनिक उद्यान म्हणून खुला झाला. सुमारे दोन किलोमीटरांचा हा पूल आता राज्याच्या उद्यानखात्याच्या ताब्यात आहे आणि लोकांची संस्था त्याच्या पाठीशी आहे. आगीपासून उद्यानापर्यंत ३५ वर्षे गेली. त्यांतली बहुतेक पुलाला खरा धनी मिळण्यातच गेली.

तिसरे उदाहरण राजधानी वॉशिंग्टनचे. तेथे अ‍ॅनाकोस्टिया नदीच्या एका तीरावर सत्ता आणि संपत्ती आहे, तर दुसऱ्या तीरावर मुख्यतः कृष्णवर्णीयांची, उत्पन्नाने मागे राहिलेली वस्ती आहे. गुलामगिरीविरुद्ध लढलेले फ्रेडरिक डग्लस ह्यांचे घर ह्याच दुसऱ्या तीरावर आहे. अकराव्या रस्त्यावरचे जुने पूल बदलून नवे बांधल्यावर जुन्याच्या पायांवर उद्यान उभारावे अशी कल्पना निघाली आणि २०१४ साली त्याच्या आराखड्याची स्पर्धा होऊन निवडही झाली. परंतु तेथल्या लोकांनी विचारलेला प्रश्न आराखड्यापलीकडचा होता. उद्यान झाले की आसपासच्या घरांची भाडी वाढतील आणि ज्यांच्यासाठी उद्यान केले तेच विस्थापित होतील, त्याचे काय? म्हणून २०१५ साली उद्यानाच्या जोडीला न्याय्य विकासाचा एक स्वतंत्र आराखडा करण्यात आला. सामान्यांची घरे त्यांच्या आवाक्यात राहावीत म्हणून वस्तीची जमीन सामाईक विश्वस्तांच्या हाती ठेवण्याची व्यवस्था झाली. पुलावर बसायला जाणारा माणूस कोण असेल, हे त्यांनी बाके मांडण्याच्या आधी ठरवले.

ही तीन गावे, तीन नद्या आणि तीन काळ. तथापि त्यांत एक सूत्र समान आहे. प्रत्येक ठिकाणी पुलाला आधी वाली मिळाला, उद्यान ही त्यानंतरची गोष्ट. जेथे हा क्रम उलटतो तेथे काय होते, हे पाहावयास मात्र परदेशी जाण्याची गरज नाही.

गोमंतकातील सावर्डे-कुडचडे येथे पोर्तुगीज राजवटीतला एक जुना पादचारी पूल होता. तो वापरासाठी बंद केलेला होता; पण बंद म्हणजे केवळ बंद असे सांगितलेला, एवढाच त्याचा अर्थ. १८ मे २०१७ रोजी एका माणसाने नदीत उडी घेतली. त्याचा शोध चालू असताना पाहावयास म्हणून लोक त्या पुलावर जमले, आणि भार न सोसून पूल कोसळला. बघ्यांची गर्दी नदीत पडली आणि प्राणहानी झाली. दुसरी घटना पुण्याजवळच्या कुंडमळ्याची. १५ जून २०२५ हा रविवार होता. पावसाळ्याची इंद्रायणी पाहावयास आलेली मंडळी एका जुन्या लोखंडी पुलावर एकवटली. पूल धोक्याचा आहे अशी पाटी तेथे होती. पूल कोसळला, चार माणसे गेली आणि अनेक जखमी झाली.

ह्या दोन्ही घटनांत एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. कोणी उद्यान म्हणून जाहीर न करताही लोकांनी त्या पुलांचे उद्यान करून टाकले होते. नदीच्या मध्यावर उभे राहून पाणी पाहण्याची ओढ माणसाला अनादिकालापासून आहे. ती पाटीने जात नाही. म्हणून "आम्ही पूल बंद केला होता" हा बचाव कायद्याच्या पुस्तकात कदाचित टिकेल, पण विवेकाच्या न्यायासनासमोर टिकणार नाही. जुना पूल उभा ठेवायचा असेल तर त्याला राखणदार हवा, आणि राखणदार नेमायचा नसेल तर पूल उतरवून घ्यावा. उभा ठेवून विसरून जाणे हा तिसरा मार्ग मात्र कोणालाही मोकळा नाही.

आता हा पूल कोणाचा, ह्या प्रश्नाकडे वळू. लोखंड रेल्वेचे असेल, रस्ता बांधकाम खात्याचा असेल, पण ज्या पात्रात त्याचे पाय रोवले आहेत ते पात्र कोणाचेच खाजगी नव्हे. व्यास नदीच्या प्रवाहाशी एका हॉटेलाने केलेल्या ढवळाढवळीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या डिसेंबरात निर्णय दिला. नद्या, किनारे, वने ह्यांसारख्या वस्तूंचे सरकार हे मालक नसून विश्वस्त आहे, आणि लोक हे त्या विश्वस्तव्यवस्थेचे लाभार्थी आहेत, असे तत्त्व त्या निर्णयाने आपल्या कायद्यात स्पष्टपणे आणले. हॅवलॉक पुलावरची गाडी बंद झाली ती त्यानंतरच्याच वर्षी, हा योगायोग म्हणावयाचा. विश्वस्त हा शब्द एकदा मान्य केला की त्यामागून हिशेब येतो, देखभाल येते, आणि लाभार्थींना प्रश्न विचारण्याचा अधिकारही येतो.

आपल्या वाचकांना ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. देवस्थानाच्या मालमत्तेची मालकी देवाची, वहिवाट महाजनांची आणि लाभ सर्व भाविकांचा, ही व्यवस्था आपण पिढ्यान् पिढ्या पाहत आलो आहोत. देवता ही कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती आहे, आणि तिची मालमत्ता सांभाळणारा हा धनी नसून सेवक आहे, हे तत्त्व आपल्या न्यायालयांनी फार पूर्वी मान्य केले. गोव्यातील देवस्थानांना १९३३ सालच्या नियमावलीने महाजनांची सभा, निवडलेली समिती, अंदाजपत्रक आणि जमाखर्च ह्यांची चौकट दिली. महाराष्ट्रात १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याने तेच काम केले. ह्या व्यवस्थांत दोष नाहीत असे कोण म्हणेल? वहिवाटीचे तंटे चालवूनच आम्हा वकिलांच्या अनेक पिढ्यांनी चूल पेटवली आहे. परंतु तंटा होतो म्हणजे कोणाला तरी ती वस्तू आपली वाटते. बेवारशी वस्तूवरून तंटे होत नाहीत. तेथे केवळ अपघात होतात.

येथे आपल्याच इतिहासातील एका नदी ओलांडण्याची आठवण होते. १५६० च्या सुमारास साष्टीत देवळांवर संकट आले तेव्हा कुशस्थळीच्या, म्हणजे आजच्या कुट्ठाळीच्या, भाविकांनी श्रीमंगेशाचे लिंग झुवारी नदीपलीकडे, आदिलशाही मुलखातील प्रियोळ येथे नेले. केळोशीची श्रीशांतादुर्गा कवळ्यास गेली, वेर्ण्याची श्रीम्हाळसा म्हार्दोळास गेली. मागे राहिलेली देवळे पाडली गेली. तेथे पूल नव्हता; असले ते नदीचे पाणी आणि होडी. आपल्या पूर्वजांना दगड नेता आला नाही, शिखर नेता आले नाही, दीपमाळ नेता आली नाही. त्यांनी देवासोबत आणखी एकच गोष्ट नेली, ती म्हणजे वहिवाट: पूजा कोणी करावयाची, नैवेद्य कोणाचा, दिवा कोणाचा, उत्सवाचा खर्च कोणत्या घराण्याकडे. त्या वहिवाटीच्या बळावर नवी देवळे उभी राहिली आणि आज तेथे जे वैभव दिसते ते त्यातूनच झाले. आज त्याच कुट्ठाळीपाशी झुवारीवर थोरला पूल आहे, आणि त्याच्या शेजारी २०२२ व २०२३ च्या अखेरीस खुल्या झालेल्या, तारांनी तोललेल्या नव्या पुलाचे दोन भाग आहेत. जुन्या पुलाचे पुढे काय, हा प्रश्न आज ना उद्या गोमंतकापुढेही उभा राहणारच आहे.

ह्या तुलनेतून मला जे म्हणावयाचे आहे ते असे. सोळाव्या शतकात दगड गेले, पण वहिवाट राहिली, म्हणून देव राहिले. सावर्ड्यास आणि कुंडमळ्यास लोखंड राहिले, पण वहिवाट गेली, म्हणून माणसे गेली. वास्तूचे आयुष्य तिच्या चुन्यात किंवा पोलादात नसते. ती आपली आहे असे समजून रोज सकाळी तिच्याकडे पाहणाऱ्या माणसात ते असते.

नदीकाठच्या सार्वजनिक जागेची आपली जुनी कल्पना म्हणजे घाट. महेश्वरचे आणि काशीचे अहिल्याबाईंचे घाट पाहावेत. तेथे स्नान होते, धुणे होते, कीर्तन होते, वाटसरू विसावा घेतो, आणि कोणालाही आत येण्यासाठी पैसे पडत नाहीत. घाट बांधणाऱ्याने बांधून हात झटकले नाहीत. मागे उत्पन्न लावून दिले, पुजारी नेमला, दिवाबत्तीची सोय केली. राजमहेंद्रीच्या पुलावर जे होऊ घातले आहे त्याला मी उद्यानापेक्षा अधांतरीचा घाट म्हणणेच पसंत करीन, कारण घाट म्हटले की आपल्याला त्याचे नियम आपोआप आठवतात.

ते नियम आराखडा करणारांनी कागदावर उतरवावेत, एवढीच आमची विनंती. पहिला नियम भाराचा. भिजलेल्या मातीचे वजन घनमीटरला पावणेदोन ते दोन टन भरते. म्हणजे एक फूट जाडीचा थर टाकला तर पुलाच्या प्रत्येक चौरस मीटरवर अर्ध्या टनाहून अधिक बोजा कायमचा बसला. दाटीवाटीने उभी असलेली गर्दीही जवळजवळ तेवढाच भार टाकते. आगगाडी येते आणि निघून जाते. माती मात्र जात नाही, आणि पावसाळ्यात ती अधिकच जड होते. तेव्हा "ज्याने गाडी पेलली तो बाग सहज पेलेल" हा युक्तिवाद ऐकावयास गोड असला तरी अभियंत्याने मोजून पाहिल्याखेरीज कोणी मान्य करू नये. थोरल्या वृक्षांऐवजी उथळ मुळांची फुलझाडे आणि वेली, मातीऐवजी हलकी मिश्रणे, आणि पाणी साचू न देणारा निचरा, हाच शहाणपणाचा मार्ग. लोखंडाला ओल लागली की गंज आत शिरतो, आणि तो फुलांखाली झाकला तर कोणाला दिसणारही नाही. म्हणून तुळया आणि सांधे तपासण्यास वाट मोकळी ठेवूनच वाफे आखले पाहिजेत. पाण्याखालच्या खांबांच्या पायांशी पूर किती माती उकरून नेतो, तेही दर पावसाळ्यानंतर पाहिले पाहिजे.

दुसरा नियम गर्दीचा. १४ जुलै २०१५ रोजी, पुष्कराच्या पहिल्याच दिवशी, राजमहेंद्रीच्या घाटावर चेंगराचेंगरी होऊन किमान २७ भाविक मृत्युमुखी पडले. तेथे पाय ठेवावयास भक्कम भूमी होती. पुलावर तीही नाही, आणि निसटण्यास दोनच टोके आहेत. २००३ सालच्या सिंहस्थात नाशिककरांनीही हे दुःख भोगले आहे. तेव्हा एका वेळी पुलावर किती माणसे असावीत ह्याचा आकडा ठरवून तो पाळण्याची तजवीज असावी, आणि पर्वणीच्या दिवशी पूल बंद ठेवण्याचे धैर्य असावे. देवळाच्या गाभाऱ्यात एका वेळी किती जण जातात हे पुजारी सांगतो आणि आपण निमूटपणे रांगेत उभे राहतो. पुलालाही असा पुजारी हवा.

तिसरा नियम पैशाचा. पायाभरणीच्या दिवशी जो आकडा जाहीर होतो तो बांधण्याचा असतो. पुढील पन्नास वर्षांच्या रंगाचा, तपासणीचा आणि माळ्याच्या पगाराचा आकडा त्यात सहसा नसतो. देवाला दागिना देणारे पुष्कळ असतात, नंदादीपाच्या तेलाची रक्कम ठेव म्हणून लावून देणारे विरळा. आणि देवस्थान चालते ते ह्या दुसऱ्या प्रकारच्या दात्यावर. पुलासाठी अशी कायम ठेव वेगळी काढून तिचा हिशेब दरवर्षी गावापुढे वाचला जावा.

चौथा नियम माणसांचा. घाटावर फुले विकणारी बाई, होडीवाला आणि शेंगदाणेवाला ह्यांना हटवून जर तेथे तिकिटाची खिडकी बसली, तर तो पूल पुन्हा एकदा बंदच झाला असे समजावे. वॉशिंग्टनच्या गरीब तीरावरील लोकांनी विचारलेला प्रश्न गोदातीरीही तितकाच खरा आहे.

मावल्याच्या तलावाकाठी विचारलेल्या प्रश्नाला इतके लांबलचक उत्तर द्यावे लागले, ह्याबद्दल वाचकांची क्षमा मागतो. त्यानंतरच्या खेपेस ते वृद्ध वकील पुन्हा भेटले. दावा तडजोडीने मिटला होता. भावाभावांनी शेत वाटून घेतले आणि विहीर मात्र सामाईक ठेवली. सामाईक विहिरीचा गाळ दरवर्षी कोणी काढावयाचा, हे तडजोडपत्रात लिहून घ्या, असा आग्रह त्यांनीच धरला. मी म्हटले, "आपल्या पुलाचेही उत्तर हेच आहे." त्यांनी क्षणभर विचार केला आणि मान डोलावली. म्हणाले, "मग पुलाच्या कागदावर ते कलम आहे का, हे कोणीतरी वाचून पाहिले पाहिजे."

तेवढेच पाहावयाचे आहे.